वाचकांचे प्रश्न : पर्यावरणाचे संकट लोकांना कसे सांगावे?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. संशोधकांना जे दिसते आहे ते सर्वसामान्य माणसापर्यंत पोहोचत का नाही, आणि पोहोचवायचे असेल तर नेमके काय करावे, असे त्यांचे एकंदर विचारणे आहे. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

मी भूजलाच्या प्रदूषणावर संशोधन करते. ज्या वस्त्यांतून पाण्याचे नमुने घेतले, तेथे जाऊन मी निष्कर्ष समजावून सांगते, आलेख दाखवते. लोक शांतपणे ऐकतात, माना डोलावतात आणि पुढे काहीच घडत नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतल्यासारखे वाटते. माझे कोठे चुकते?

घडा पालथा नसतो; बहुतेक वेळा तो आधीच भरलेला असतो. स्वतःचा अनुभव, पोटापाण्याची काळजी, पूर्वी कोणीतरी दिलेली आणि कधीच न पाळलेली आश्वासने, हे सगळे घेऊन माणसे तुमच्यासमोर बसलेली असतात. लोकांना माहिती नाही म्हणून ते काही करत नाहीत आणि माहिती मिळाली की करू लागतील, ही समजूत संशोधकांमध्ये खोल रुजलेली आहे. विज्ञानसंवादाचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र ती केव्हाच मोडीत काढली आहे. डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकी नागरिकांच्या पाहणीतून दाखवून दिले, की ज्यांना विज्ञान आणि आकडेमोड अधिक चांगली कळते त्यांच्यात हवामानबदलाविषयीचे एकमत वाढत नाही, उलट मतभेदांची दरी सर्वाधिक रुंद त्यांच्यातच असते. माहिती वाढली की प्रत्येकजण आपल्या गोटाची बाजू अधिक कौशल्याने मांडू लागतो.

म्हणून काय सांगायचे हे ठरवण्यापूर्वी, समोरच्या माणसाला काय ठरवायचे आहे हे शोधून काढावे. माझ्या मते संपूर्ण विषयाचा गाभा एवढाच आहे. तुमच्याच क्षेत्रातील उदाहरण घेऊ. एखाद्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या मर्यादेपेक्षा, अधिक आढळले. तुम्ही आलेख दाखवता, नत्राचे चक्र समजावता, खतांचा वापर किती वाढला ते सांगता. पण समोर बसलेल्या बाईला आज संध्याकाळी एकच गोष्ट ठरवायची असते : हे पाणी बाळाच्या दुधात घालावे की नाही? तिला असे सांगा : ‘सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या वरच्या दुधासाठी हे पाणी वापरू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, त्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते.’ पाणी उकळले की शुद्ध होते, हे तिने आयुष्यभर ऐकलेले असते आणि जंतूंच्या बाबतीत ते खरेही असते. नेमक्या या ठिकाणी तिचा समज आणि तुमचे ज्ञान यांच्यात अंतर आहे, आणि व्याख्यानाचा सगळा वेळ याच अंतरावर खर्च व्हायला हवा. नत्राचे चक्र त्यानंतर कोणी विचारले तर सांगावे. विचारतातही.

ऐकून घेण्याचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण ब्रिटनमधील आहे आणि ते या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तपशिलात वाचावे असे मला मनापासून वाटते. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला आणि पुढच्या काही दिवसांत किरणोत्सर्गी सीझियम पावसाबरोबर इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रिया भागातील डोंगरांवर उतरले. जूनमध्ये मेंढ्यांची हलवाहलव आणि कत्तल यांवर बंदी आली आणि ती तीन आठवड्यांत उठेल, असे मेंढपाळांना सांगण्यात आले. तेथील शेवटचे निर्बंध उठले ते २०१२ मध्ये. शास्त्रज्ञांचा अंदाज चिकणमातीच्या जमिनीवरील निरीक्षणांवर आधारलेला होता. तशा मातीत सीझियम मातीच्या कणांना घट्ट धरून राहते आणि गवतात फारसे उतरत नाही. डोंगरावरची जमीन आम्लयुक्त आणि कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, तिच्यात चिकणमाती जवळजवळ नाही. तेथे तेच सीझियम मुळांवाटे गवतात, गवतातून मेंढीत आणि पुन्हा जमिनीत फिरत राहिले.

अंदाज चुकला, हे येथे मुख्य नाही. अंदाज चुकतात. या प्रकरणाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी टिपलेली बाब निराळी आहे. बेंटोनाइट नावाची माती जमिनीवर पसरली तर गवतात जाणारे सीझियम कमी होते का, हे तपासण्यासाठी तज्ज्ञांनी कुंपणाने वेगळे केलेल्या तुकड्यांत मेंढ्या ठेवल्या. या मेंढ्या मोकळ्या डोंगरावर चरणाऱ्या आहेत, कोंडल्या तर खंगतील आणि निष्कर्षाला अर्थ उरणार नाही, असे मेंढपाळ सुरुवातीपासून सांगत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही आणि पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला. कोकरे आता विकावीत की चारा विकत घेऊन आणखी काही महिने पोसावीत, हा त्या माणसांपुढचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांना ‘तीन आठवडे’ या ठाम आकड्यापेक्षा ‘आमचा अंदाज दुसऱ्या प्रकारच्या मातीवरचा आहे, तुमच्या डोंगरावर तो लागू पडेल याची खात्री नाही’ हे वाक्य कितीतरी अधिक उपयोगी पडले असते.

‘पूर्ण खात्री नाही’ असे म्हटले की विरोधक त्याचा फायदा उठवतात. न म्हणावे तर तो अप्रामाणिकपणा होतो. अनिश्चितता कशी सांगावी?

सांगावीच, पण मोघम सांगू नये. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की आकड्याबरोबर त्याचा पल्ला दिला, म्हणजे अमुक ते अमुक यांच्या दरम्यान, तर लोकांचा विश्वास फारसा घटत नाही. ‘याबाबत काही अनिश्चितता आहे’ असे नुसत्या शब्दांत म्हटले तर तो तुलनेने अधिक घटतो. हे स्वाभाविक आहे. पल्ला देणारा माणूस आपले काम जाणतो असे वाटते, मोघम बोलणारा हात झटकतो आहे असे वाटते.

शब्दांवर विसंबण्यातला धोका आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या, अहवालांबाबत तपासून पाहिला गेला आहे. त्या अहवालांत संभाव्यतेचे शब्द ठरवून वापरलेले असतात. एखादी गोष्ट ‘अतिशय संभाव्य’ म्हटली तर तिची शक्यता ९० टक्के किंवा अधिक आहे, असा तेथे अर्थ असतो. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २४ देशांतील वाचकांना अहवालातील वाक्ये वाचायला दिली, तेव्हा वाचकांनी त्या शब्दांचा अर्थ लेखकांना अभिप्रेत होता त्यापेक्षा बराच सौम्य लावला. शब्दाशेजारी आकडा छापल्यावर गैरसमज कमी झाला. तेव्हा शब्द आणि आकडा दोन्ही द्यावेत, हा साधा नियम पाळण्यासारखा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, अनिश्चितता कोठे आहे ते बोट ठेवून दाखवावे. पृथ्वी तापते आहे आणि त्याला मानवी कृती कारणीभूत आहेत, याविषयी आज शंकेला जागा नाही. एखाद्या विशिष्ट प्रदेशात येत्या वीस वर्षांत पावसाचे मान नेमके किती बदलेल, याविषयी आहे. ही दोन विधाने एकाच श्वासात, एकाच सावध सुरात उच्चारली, की दुसऱ्यातील शंका पहिल्यालाही चिकटते. त्यामुळे पक्के काय ते आधी आणि निखळ शब्दांत सांगावे. मग, नव्या वाक्यात, अद्याप न उलगडलेले काय ते सांगावे. आणि शक्य असेल तेथे, या शंकेमुळे श्रोत्याच्या निर्णयात काही फरक पडतो का, हेही सांगावे. समुद्राची पातळी शतकाअखेर किती वाढेल याचा पल्ला मोठा आहे, परंतु किनाऱ्यावर नवा बांध घालणाऱ्या अभियंत्याला त्या पल्ल्याचे वरचे टोक धरून चालावे लागते. त्याच्यासाठी अनिश्चितता ही थांबण्याची सबब ठरत नाही. तिच्यामुळे बांध उंच होतो.

मी शिक्षक आहे. विद्यार्थ्यांना पर्यावरणाविषयी सांगताना परिस्थितीचे गांभीर्य कळावे म्हणून थोडी भीती दाखवावी, असे माझे सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. आपले मत काय?

धोका खरा असेल तर तो सौम्य करून सांगण्याचा अधिकार कोणाला नाही, मुलांच्या बाबतीतही नाही. मात्र भीती आणि उपाय यांची ताटातूट करू नये. आरोग्यविषयक संदेशांच्या दीर्घ अभ्यासातून हे स्पष्ट झाले आहे, की धोका मोठा आहे आणि आपल्या हातात काहीतरी आहे, या दोन्ही गोष्टी पटल्या तर माणूस धोक्याच्या मुकाबल्याला लागतो. केवळ पहिली पटली तर तो आपल्या भीतीच्या मुकाबल्याला लागतो, म्हणजे विषय टाळतो, थट्टेवारी नेतो किंवा ‘हे सगळे अतिरंजित आहे’ असे स्वतःला समजावतो. वर्गात तुमच्या डोळ्यांदेखत हे घडत असेल.

ओझोनच्या थराची हकिगत मुलांना सांगावी, ती या दृष्टीने फार बोलकी आहे. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की फवाऱ्याच्या डब्यांत आणि शीतकपाटांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुओरोकार्बन ही रसायने वातावरणात उंच जाऊन ओझोनचा नाश करू शकतात. रोलँड प्रयोगशाळेत थांबले नाहीत. वार्ताहरांशी, लोकप्रतिनिधींशी बोलत राहिले आणि त्यासाठी उद्योगांचा रोषही त्यांनी पत्करला. १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची वसंत ऋतूतील प्रचंड घट प्रसिद्ध केली, उपग्रहांच्या मोजणीतून तिची चित्रे तयार झाली आणि सप्टेंबर १९८७ मध्ये या रसायनांचा वापर घटवण्याचा माँट्रियलचा करार झाला. पुढे जगातील सर्व देशांनी त्याला मान्यता दिली. २०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा अंदाज आहे.

येथे भीती होतीच, त्वचेच्या कर्करोगाची. पण तिच्या शेजारी कृतीही होती : हा डबा घेऊ नका, तो घ्या. अर्थात सगळे श्रेय संवादाला देणेही खरे नव्हे. ही रसायने बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्यायी रसायने शोधता येण्याजोगी होती. कोळसा आणि खनिज तेल यांच्या बाबतीत तशी सोय नाही, आणि मोठ्या मुलांना हा फरकही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. नाहीतर एका कराराने सगळे सुटते असा समज घेऊन ती वर्गाबाहेर पडतील.

आकडे आणि आलेख लोकांना कंटाळवाणे वाटतात. ते पूर्णपणे टाळावेत का?

टाळू नयेत, निवडावेत. एका बैठकीत एक आलेख पुरतो. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून चालू असलेली कार्बन डायऑक्साइडची मोजणी हा त्यासाठी आदर्श नमुना आहे : दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भागांपासून सुरू झालेली रेषा आज ४२० च्या पुढे गेली आहे, आणि तिच्यावरच्या दरवर्षीच्या बारीक चढउतारांत उत्तर गोलार्धातील झाडांचा पालवण्याचा आणि पानगळीचा ऋतू दिसतो. एवढे समजावून सांगितले की ती रेषा कोणी विसरत नाही. हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तयार केलेल्या तापमानाच्या पट्ट्यांत तर एकही आकडा नाही; प्रत्येक वर्षासाठी एक उभी पट्टी, थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष लाल, बस्स.

आणखी एक खबरदारी घ्यावी. सरासरी तापमानातील दीड अंशाची वाढ ऐकणाऱ्याला क्षुल्लक वाटते, कारण सकाळ आणि दुपार यांत त्याहून अधिक फरक त्याने रोज अनुभवलेला असतो. त्याला शेजारी दुसरे माप लागते : मागच्या हिमयुगाच्या कडाक्यात, जेव्हा उत्तर अमेरिकेचा आणि युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता, तेव्हा पृथ्वीची सरासरी औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सरासरीहून केवळ ५ ते ७ अंशांनी कमी होती.

समाजमाध्यमांवरून पसरणाऱ्या खोट्या दाव्यांना उत्तर देताना ते दावेच अधिक पसरतात असे दिसते. मग गप्प बसावे का?

दावा चार लोकांपुरता असेल तर गप्प बसणे शहाणपणाचे. त्याला तुमचे व्यासपीठ कशाला द्यावे? पसरलेला असेल तर उत्तर द्यावे, पण सुरुवात सत्याने करावी. पहिल्या वाक्यात खरी गोष्ट, मग ‘याविषयी एक चुकीचा दावा फिरतो आहे’ एवढी पूर्वसूचना, मग दावा कोणत्या ठिकाणी दिशाभूल करतो ते, आणि शेवटी पुन्हा खरी गोष्ट. शीर्षकात खोटा दावा प्रश्नचिन्ह लावूनही देऊ नये, कारण पुष्कळ लोक शीर्षकाखाली जातच नाहीत. दिशाभुलीची रीत आधीच दाखवून देणे तर अधिक गुणकारी असते. दहा वर्षांचा सोयीस्कर तुकडा कापून ‘तापमान वाढलेलेच नाही’ असे कसे भासवता येते, हे एकदा आलेखावर दाखवले, की माणूस पुढच्या वेळी तुकडा पाहताच उरलेला आलेख मागतो.

आपल्या बाजूची चूक असेल तर ती आपणच, लवकर आणि मोठ्याने सांगावी. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील असे विधान होते. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता आणि जानेवारी २०१० मध्ये संस्थेने चूक मान्य केली. पण तोपर्यंत ती इतरांनी दाखवून दिली होती आणि बोभाटा झाला होता. हिमनद्या वितळत आहेत हा मूळ निष्कर्ष तसाच भक्कम होता, तरी चर्चा बराच काळ त्या एका सालाभोवती फिरत राहिली.

संशोधकाने केवळ तथ्ये सांगावीत की बाजूही घ्यावी? बाजू घेतली तर विश्वासार्हता जाते, असे माझे मार्गदर्शक म्हणतात.

तुमच्या मार्गदर्शकांची काळजी मी हलकी मानत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मात्र असे आढळले, की हवामानशास्त्रज्ञाने कृतीचे सर्वसाधारण आवाहन केले तर त्याची विश्वासार्हता कमी होत नाही. एक विशिष्ट वादग्रस्त उपाय, तेथे अणुवीज प्रकल्प, पुढे केला तेव्हा ती घटली. तो एका देशातील एक प्रयोग आहे, त्यावर सगळा डोलारा उभारू नये; पण त्यातून निघणारी मर्यादा वाजवी वाटते. ‘मोजमाप असे सांगते’ आणि ‘नागरिक म्हणून मला असे वाटते’ या दोन वाक्यांमधली रेघ ऐकणाऱ्याला स्पष्ट दिसली पाहिजे.

जेथे लोकांच्या आरोग्याला थेट धोका आहे, तेथे तटस्थ राहणे हीदेखील एक बाजूच होते. अमेरिकेतील फ्लिंट शहराचा पाणीपुरवठा एप्रिल २०१४ मध्ये फ्लिंट नदीवर नेण्यात आला. नळांची झीज रोखणारे रसायन त्या पाण्यात घातले गेले नाही आणि जुन्या नळांतील शिसे पिण्याच्या पाण्यात उतरू लागले. पाणी सुरक्षित असल्याची ग्वाही अधिकारी देत राहिले. व्हर्जिनिया टेकमधील अभियंते मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने रहिवाशांनाच बाटल्या आणि सूचना दिल्या : निदान सहा तास पाणी वापरू नका, मग नळ उघडताच पहिली बाटली भरा, काही सेकंद वाहू देऊन दुसरी, आणखी थोड्या वेळाने तिसरी. शेकडो घरांनी असे नमुने गोळा केले. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातील शिशाचे वाढलेले प्रमाण पत्रकार परिषदेत जाहीर केले. शास्त्रीय नियतकालिकात लेख छापून येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत, कारण तेवढे दिवस मुले तेच पाणी प्यायली असती. त्यांच्यावर आधी टीका झाली, मग राज्याने त्यांचे निष्कर्ष मान्य केले आणि ऑक्टोबरमध्ये शहर पूर्वीच्या पुरवठ्यावर परतले. बाटली स्वतः भरणाऱ्या माणसाला निष्कर्ष पटवून द्यावा लागत नाही, हे या प्रकरणात मला सर्वांत मोलाचे वाटते.

पूर किंवा उष्णतेची लाट आली की वार्ताहर फोन करून ‘हे हवामानबदलामुळे झाले का?’ असे विचारतात आणि दोन मिनिटांत उत्तर मागतात. काय सांगावे?

‘एका घटनेविषयी काहीच सांगता येत नाही’ हे जुने ठरीव उत्तर आता देऊ नये. तो काळ मागे पडला आहे. जून २०२१ च्या अखेरीस कॅनडातील लिटन येथे पारा ४९.६ अंशांवर गेला, तेव्हा वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन या गटाने लाट ओसरल्यावर आठवड्याभरातच सांगितले, की मानवनिर्मित तापमानवाढ नसती तर इतकी उष्णता जवळजवळ अशक्य होती. प्रत्येक घटनेचा असा अभ्यास लगेच होत नाही. तो झालेला नसेल तर दोन वाक्ये तयार ठेवावीत : ‘उष्णतेच्या लाटा तापमानवाढीमुळे अधिक वारंवार आणि अधिक तीव्र होत आहेत, हे पक्के आहे. या लाटेत तिचा वाटा किती, याची मोजणी अजून झालेली नाही.’ पुराबाबत थोडे अधिक सावध असावे, कारण पुरात पावसाइतकाच हात नदीपात्रातील बांधकामांचा आणि धरणातून पाणी सोडण्याच्या वेळांचाही असतो. मग वार्ताहराने विचारले नसले तरी तिसरे वाक्य जोडावे आणि त्यात वाचकाच्या आजच्या कामाची गोष्ट असावी : दुपारी कोणत्या वेळेत बाहेर पडू नये, शेजारच्या एकट्या वृद्धांची विचारपूस का करावी, कोणती लक्षणे दिसताच डॉक्टरकडे धाव घ्यावी. फोन ठेवण्यापूर्वी वार्ताहराने लिहून घेतलेले आकडे एकदा वाचून दाखवायला सांगावेत. चांगले वार्ताहर याला नाही म्हणत नाहीत.